बरोबरची खूण

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी माझ्याकडे हलकंफुलकं काहीतरी मागितलं होतं. ‘अण्णा, तुमच्या त्या मोडेमच्या गमती लिहा की, लोक हसतील,’ असं त्या म्हणाल्या. गमती आहेत आणि त्या लिहितोही. पण त्यांच्यामध्ये एक अशी गोष्ट आहे, की ती वगळून बाकीचं लिहिलं तर आणखी एकदा खोटं बोलल्यासारखं होईल. तेव्हा हसून घ्यायचं असेल तर ते आधी घ्यावं.

आमचं घराणं बेंगळुरातलं जुनं. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि राहिले, एवढंच घरात सांगतात. मी उमेदीची वर्षं एका टेलिफोन कारखान्यात काढली, तिथून मुदतीआधी निवृत्त झालो आणि जयनगरात बाजाराच्या मागच्या गल्लीत छोटं दुकान टाकलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी इंटरनेट होतं. ते घरी आणून जोडून द्यायचं, हा माझा धंदा. लोक मला मोडेम अण्णा म्हणत.

आजच्या मुलांना हे सांगावं लागतं, की तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं. मोडेम नावाची डबी कॉम्प्युटर आणि फोन यांच्या मध्ये बसायची. ती माणसासारखी नंबर फिरवायची, पलीकडचं यंत्र फोन उचलायचं आणि मग दोघं एकमेकांची ओळख पटवत किंचाळायची. मांजरं भांडावीत तसा आवाज. ओळख पटली की आवाज थांबे आणि पडद्यावर चित्रं वरून खाली, एकेक पट्टी करत उतरत. आणि मुख्य गोष्ट अशी, की तार एकच. इंटरनेट चालू असलं की घरचा फोन बंद. बाहेरून कोणी फोन केला तर त्याला एंगेज टोन ऐकू येणार. हे मी प्रत्येक घरात सांगत असे आणि प्रत्येक घरात त्यावरून भांडण होत असे. एका सासऱ्यांनी जावयाला विचारलं होतं, ‘तुमचं घर बोलतं तरी कोणाशी दिवसभर?’

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एका निवृत्त हेडमास्तरांनी मोडेम दोनदा परत केला. आवाज करतो म्हणजे बिघडलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. तो आवाज हीच त्याची तब्येत ठणठणीत असल्याची खूण, हे त्यांना पटायला तिसरा मोडेम लागला. मग त्यांनी आयुधपूजेला त्याची स्कूटरच्या बरोबरीने पूजा केली. हळदकुंकू फटीतून आत गेलं आणि मोडेम मुका झाला. मी ब्रशने कुंकू झाडत असताना मास्तर म्हणाले, ‘देवाचं आहे ते, स्वल्प जपून झाडा.’

दुसरा धंदा परदेशी जाणाऱ्यांचा. गल्लीगल्लीतून मुलं अमेरिकेला, जर्मनीला निघाली होती आणि प्रत्येकाच्या गळ्यात लॅपटॉपची विटेएवढी जड पिशवी. त्यांच्यासाठी मी एक वेगळं पुडकं बांधून ठेवत असे. तिथल्या भिंतींत बसणाऱ्या पिना, फोनची लांबलचक वायर, आणि हॉटेलातला फोन भिंतीतच पक्का केलेला असला तर तारा पकडायला दोन चिमटे. एका मुलाने जर्मनीतून रडकुंडीला येऊन दुकानात फोन केला. लॅपटॉप म्हणतोय, फोनमध्ये टोनच नाही. टोन होता, फक्त आपल्यासारखा नव्हता. त्याचं यंत्र आपल्या टोनची वाट बघत बसलं होतं, नव्या सुनेने माहेरच्या हाकेची वाट बघावी तसं. मी म्हटलं, टोनची वाट बघ असं जिथे लिहिलंय तिथली बरोबरची खूण काढून टाक. त्याने काढली आणि लागलं. त्याच्या आईने दुकानात ओबट्टु आणून दिले, म्हणजे आपल्या पुरणपोळ्याच.

माझी सारी विद्या या खुणांत होती. पडद्यावर छोटे छोटे चौकोन असत. चौकोनात बरोबरची खूण केली की यंत्र ते काम करणार, पुसली की नाही करणार. बाकीचे दुकानदार नवीन डबी विकायचे, मी खुणा बघायचो. त्याचा मला फार अभिमान होता. लोकांना वाटे अण्णांनी मंत्र टाकला, आणि मीही तसं वाटू देत असे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

जयनगरातच सरोजाक्कांचं घर होतं. आमच्यासारखंच जुनं बेंगळुरी मराठी घर, कापडाचं दुकान, वर राहायला ऐसपैस. अक्कांचे यजमान नव्हते. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा प्रकाश दुकान बघायचा. प्रकाशची बायको वैशाली नाशिकची. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. तिचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं आणि कन्नड मुळीच नव्हतं. ती लग्नाआधी पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मुद्रितं तपासत असे. इथे आल्यावर ते काम सुटलं असतं, पण इंटरनेटमुळे राहिलं. पानं मेलने येत, ती तपासून दुरुस्त्या मेलने पाठवी. मी त्यांच्याकडे गेलो की मला फार आवडणारी गोष्ट ही, की त्या घरात एक माणूस तरी या तारेचं खरं काम करत होतं. अक्कांना ते काम वाटत नसे. ‘फोनवर बसून कसली नोकरी रे?’ असं त्या प्रकाशला विचारत, वैशालीला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

अक्कांनी मला एकदा बोलावून घेतलं. थोरल्याची पत्रं येतात ती बघायला रोज सुनेला सांगावं लागतं, ही त्यांची तक्रार. त्या म्हणाल्या, ‘टपाल आपणहून दारात यायचं असतंय. आपणच जाऊन आणायचं तर त्याला टपाल कशाला म्हणायचं?’ आणि दुसरी तक्रार, दुपारी पडलं की ती मांजरं ओरडतात.

दोन्हीवर माझ्याकडे खुणा होत्या. पत्रांच्या प्रोग्रॅममध्ये एका चौकोनात मी बरोबरची खूण केली. आता यंत्र थोड्या थोड्या वेळाने स्वतः फोन लावणार, टपाल आहे का बघणार. दुसरी खूण करून मोडेमचा आवाज बंद केला. वैशालीला सांगितलं, की तुझं काम झालं की लाईन तोड, पडद्याचं बटण बंद कर, बाकी मशीन चालूच राहू दे. एवढं करतोय तोवर अक्कांनी कॉफी आणली, मी उठलो आणि थोरल्याच्या पहिल्या पत्राच्या गोष्टी ऐकत कॉफी प्यालो.

तिसरी एक खूण करायची राहिली. टपाल बघून झालं की फोन खाली ठेव, अशी. ती नसेल तर यंत्र फोन लावतं आणि धरूनच बसतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी अक्कांचे धाकटे भाऊ, बेंगळुरातच के. आर. पुरमला राहायचे, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. घरी त्यांची बायको एकटी. सगळे त्यांना इंदूमामी म्हणत. जयनगरात भाच्याची, म्हणजे प्रकाशची, गाडी होती, म्हणून मामी शेजारच्या घरून फोन करत राहिल्या. एंगेज. पुन्हा एंगेज. दुकानाचा नंबर त्यांना पाठ नव्हता. रिक्षा मिळेपर्यंत, मग दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. आधी पोचले असते तर वाचले असते का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. संध्याकाळी मामींच्या शेजारचा माणूस स्कूटरवर निरोप घेऊन आला, तेव्हा अक्कांनी धावत जाऊन फोन उचलला आणि त्यांना फोनमध्ये टोनऐवजी तार धरून बसलेल्या मोडेमची खरखर ऐकू आली.

घरात दुपारी दोघीच होत्या. अक्का झोपल्या होत्या. वैशालीने सकाळी पुण्याला पानं पाठवली होती.

तेराव्यानंतर प्रकाशने मला बोलावलं. मशीन एकदा बघा, एवढंच तो म्हणाला. मला वाटतं त्याला खरोखरच काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. दिवाणखान्यात अक्का खुर्चीत बसल्या होत्या. भेटायला आलेल्या दोन नात्यातल्या बायका होत्या. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत नाही आणि बाहेरही नाही.

मी मशीन चालू केलं आणि पहिल्या दोन मिनिटांतच मला कळलं. खूण करायची राहिलेला तो चौकोन माझ्यासमोर रिकामा होता. यंत्राच्या नोंदीत दिसत होतं, की वैशालीने सकाळी लाईन तोडली होती. मी सांगितलं तसं पडद्याचं बटण बंद केलं होतं. नंतर यंत्राने माझ्या सांगण्यावरून आपणहून फोन उचलला, आणि खाली ठेवायला मी सांगितलंच नव्हतं म्हणून तो ठेवला नाही. नेहमीचा आवाज झाला असता तर ती स्वयंपाकघरातून धावत आली असती. तो आवाजही मीच बंद केला होता.

माझी पाठ सगळ्यांकडे होती. मी त्या रिकाम्या चौकोनात बरोबरची खूण केली. कोणाला काही कळलं नाही. माझा हात किती सराईत होता ते मला आजही आठवतं.

मागून अक्का म्हणाल्या, ‘अण्णा, हिनंच लाईन तशीच चालू ठिवली होती, हो की नै?’

मी वळलो आणि म्हणालो, ‘सरी, अक्का.’

बाहेरच्या वाचकांसाठी हा शब्द सांगितला पाहिजे. सरी हा कन्नड शब्द. इथे आम्ही तो दिवसात पन्नासदा वापरतो. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, एकमेकांना. त्याचा एक अर्थ आहे ‘बरं’. ऐकलं, समजलं, ठीक आहे. आणि दुसरा अर्थ आहे ‘बरोबर’. खरं आहे. कोणी कुठल्या अर्थाने म्हटलं ते बोलण्याच्या ओघात कळतं, त्यामुळे कधी अडत नाही.

वैशालीला कळलं नाही. तिने दारातूनच प्रकाशला विचारलं, ‘काय म्हणाले ते?’

प्रकाश म्हणाला, ‘बरोबर आहे म्हणाले.’

तिने माझ्याकडे पाहिलं. ती भांडली नाही, की ‘मी बंद केलं होतं’ असंही म्हणाली नाही. ती माझ्याकडे बघत होती ती, मला वाटतं, माझ्याकडून ऐकायला. यंत्रातलं मला कळतं यावर तिचा विश्वास होता. त्या क्षणी मला म्हणता आलं असतं, की नाही प्रकाश, मी नुसतं बरं म्हणालो. मी वायर गुंडाळायला खाली वाकलो.

पुढे कितीतरी वर्षं मी मनाशी हाच वाद घातला. मी कुठे खोटं बोललो? एका दुखावलेल्या म्हाताऱ्या बाईला ‘बरं’ म्हणालो, तिने ‘बरोबर’ ऐकलं. वाद घालायला छान आहे. पण मी जन्मल्यापासून तो शब्द बोलतो आहे. अक्का त्या प्रश्नावर तो कसा ऐकणार हे मला तोंड उघडण्याआधी माहीत होतं, म्हणूनच तो निवडला.

भीती कशाची होती तेही लिहितो. अशाच खुणा मी आणखी बऱ्याच घरांत करून ठेवल्या होत्या. एका घरात बोभाटा झाला असता तर मोडेम अण्णा संपला असता. त्या आठवड्यात मी त्या सगळ्या घरी गेलो. मोफत तपासणी आहे म्हणून सांगितलं, राहिलेली खूण करून टाकली. प्रत्येक घरी मला बसवून कॉफी दिली. न बोलावता येणारा कारागीर या काळात कुठे मिळतो, असं एका घरी म्हणाले. माझ्या धंद्याची खरी भरभराट त्या आठवड्यानंतर झाली, हे लिहिताना मान खाली जाते.

त्या घरातलं इंटरनेट बंद झालं. कॉम्प्युटरवर अभ्रा चढला. वैशालीचं पुण्याचं काम गेलं. तिने त्यांना काय कारण कळवलं मला माहीत नाही. आणि त्या घरात एक नवी म्हण जन्माला आली. दूध उतू गेलं, फाटकाची कडी लावायची राहिली, की अक्का म्हणत, ‘बसली असेल लाईन चालू ठिवून.’ ती म्हण नातेवाइकांत गेली, तिथून मंडळात आली. कोजागरीच्या कार्यक्रमात माईक सुरू राहिला होता तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, ‘कोण रे ते, वैशाली काय?’ आणि सगळी रांग हसली. मी त्या रांगेत होतो. मीही हसलो. ती दूध आटवलेल्या पातेल्याजवळ उभी होती आणि वाट्या भरत राहिली.

अक्का गेल्या. प्रकाशने पुढे दुकान विकलं आणि मुलाजवळ सर्जापूर रोडला राहायला गेला. मीही दुकान बंद केलं. मोडेम कोणाला नकोत आता, तार कोणाला नको. संपादकबाईंनी लेख मागितला तेव्हा मी गमतींची यादी करायला बसलो आणि दुसऱ्याच गमतीवर थांबलो. मग फोन करून सर्जापूर रोडला गेलो.

वैशालीने दार उघडलं. केस पिकले आहेत आता. कन्नड इतकं छान बोलते, की खालच्या पहारेकऱ्याला तिने फोनवर माझ्याबद्दल सांगितलं ते ऐकून मी चकित झालो. प्रकाश फिरायला गेला होता. मला वाटलं बरंच झालं. मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हाकलून देईल. ती म्हणाली, ‘नाही अण्णा. तुम्हाला आठवत नसेल. मीच ठेवली होती चालू. पानं पाठवली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तशीच उठले. मला अजून दिसतं ते.’

मी म्हटलं, तसं झालं नव्हतं. ती म्हणाली, तसंच झालं होतं. मी चूक केल्याचं तिला पटवून देण्यासाठी मला वाद घालावा लागला. शेवटी मी तिथल्या वर्तमानपत्राच्या कडेवर चौकोन काढून दाखवले. हा फोन लावणारा, हा आवाजाचा, आणि हा रिकामा राहिलेला. तू फोन ठेवला होतास, नंतर यंत्राने उचलला. तू लाईन उघडी ठेवली असतीस तर यंत्राच्या नोंदीत एकच फोन दिसला असता, मी तिथे दोन पाहिले होते.

तिने चौकोनांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘म्हणजे मी कट केलं होतं.’

‘हो.’

‘मला पहिले काही महिने तसंच आठवायचं. मग सगळे म्हणायला लागले, तुम्ही म्हणालात, तर वाटलं माझंच चुकत असेल. मग ती कुकरची शिट्टी आठवायला लागली. मी दर संक्रांतीला इंदूमामींच्या पाया पडते, अण्णा. त्या डोक्यावर हात ठेवत नाहीत. मला वाटायचं, का ठेवतील?’

मी म्हटलं, मी मुद्दाम तसा शब्द वापरला होता. ती म्हणाली, ‘सरी. मला माहीत आहे कुठला शब्द. इथे आल्यावर अर्थासकट शिकलेला तो माझा पहिला कन्नड शब्द. ह्यांनी शिकवला, तुमच्यासमोर.’

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. मी म्हटलं, मामींकडे मी जाऊन सांगतो, तू बरोबर ये. ती म्हणाली, मी येणार नाही, मला त्यांचा चेहरा बघायचा नाहीये तेव्हा, तुम्ही लिहा, अंक त्यांच्या घरी जातो, त्यांची नात त्यांना वाचून दाखवते. तुमच्याकडून तोंडी ऐकलं तर मामी ते घरातल्या घरातच ठेवतील. छापून आलं तर सगळ्यांनी वाचलेलं असेल.

इतक्यात दाराशी किल्ली वाजली. प्रकाश आत आला, मला बघून खूश झाला, अण्णा किती दिवसांनी, कन्नड-मराठी मिसळून काहीबाही बोलायला लागला. मी उठून उभा राहिलो आणि त्याच्यासारखंच बोलायला सुरुवात केली, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं.

वैशाली म्हणाली, ‘अण्णा, ह्यांना सांगा. मराठीत सांगा.’

मी सांगितलं. ती बसली नाही. सांगून होईपर्यंत प्रकाश तसाच, एका पायातला बूट काढलेला, उभा होता. मग तो तिच्याकडे बघून ‘अगं, पण तू तेव्हा का नाही...’ एवढंच म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं. दोघांकडे बघणं मला शक्य नव्हतं. मी निघालो. लिफ्टपर्यंत कोणी आलं नाही, आणि ते योग्यच होतं.

हा लेख छापण्याआधी मी वैशालीला वाचायला दिला. शुद्धलेखनाच्या चुका तिने दुरुस्त केल्या आहेत. बाकी एका शब्दालाही तिने हात लावला नाही, नावंसुद्धा राहू द्या म्हणाली. आता इंदूमामींसाठी, आणि त्या कोजागरीला माझ्याबरोबर हसलेल्या सगळ्यांसाठी, पुन्हा एकदा मराठीत लिहितो. त्या दिवशी वैशालीने फोन खाली ठेवला होता. तो परत उचलून धरून ठेवणारा मी.